दाताखाली वाजला पाहिजे

माझे वरचे दात आता गेले. खालचे आहेत, पण भरवसा ठेवावा असं त्यांच्यात काही उरलेलं नाही. परवा नातसून म्हणाली, "आजी, कवळी बसवून घेऊ या." मी नको म्हटलं. चावण्याचाच मला शीण आला आहे. एका जन्मात बाईमाणसाने जेवढं चावायचं तेवढं मी खोडाळ्यात असतानाच चावून ठेवलं. हे मी तिला सांगितलं तर ती हसली. हसू दे. तिने बायला पाहिलेलं नाही.

बायचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. गावात लहानथोर सगळे तिला बायच म्हणत. मी पहिल्या दिवशी "तुम्ही" म्हणाले तर तिने मागे वळून पाहिलं. "तुमी कोन? मी तं एकलीच हाय." तेव्हापासून मीही अगं-तूगं करू लागले. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता.

माझं माहेर कृष्णाकाठचं, साताऱ्याच्या बाजूचं. मराठी तिसरीचं पुस्तक अर्धं झालं होतं तेव्हा लग्न ठरलं. पुढचे धडे राहिले ते राहिलेच. आजही चार ओळी लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची धास्ती वाटते, ती त्यामुळेच. यांना जव्हार संस्थानच्या जंगलनाक्यावर कारकुनी मिळाली आणि नेमणूक झाली खोडाळ्याला. इगतपुरीला आगगाडीतून उतरलो आणि बैलगाडीत बसलो. घाट, झाडी, पुन्हा घाट. आपण परत कधी माणसांत येऊ असं मला वाटेना.

खोडाळ्यात जागा मिळेना. लाकडं अडवणारा नाक्यावरचा माणूस आपल्या घरात कुणाला हवा असणार? बाहेरून सगळे "बसा, बसा" म्हणत आणि खोलीचं नाव काढलं की गप्प. शेवटी कुणीतरी बायचं घर दाखवलं. गावाच्या टोकाला, कुडाच्या भिंतींचं, पुढे मोठं सारवलेलं खळं. बायने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आ कर गो."

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली पाहत होते.

मी आ केला. बायने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाजारात बैल घेताना पाहतात तसं खालचं, वरचं, दाढा, सगळं पाहिलं. मग सुनेला हाक मारली, "त्यांची बोचकी आत घे. दात बरं हायेत."

दातांचं कारण मला फाल्गुनात कळलं. भात काढल्यावर त्याच ओलीवर बाय वाल लावायची. शेंगा वाळल्या की खळ्यावर झोडायच्या, पाखडायच्या आणि दाणे उन्हात पसरायचे. ते पुरते सुकले की कणगीत भरायचे, म्हणजे पावसाळाभर आणि पुढेही पुरतात. सुकल्याची खूण एकच, दाताखाली दाणा कट्‌ करून दुभंगला पाहिजे. मच्‌ करून चेपला तर ओल आहे. आणि बायच्या तोंडात दात नव्हता. सुनेचे मिशेरीने गेलेले, मुलाचा पुढचा एक बैलाच्या शिंगाने गेलेला. म्हणून तिने मला ठेवून घेतलं.

रोज दुपारी ती पसरलेल्या वालातून एक दाणा कोपऱ्यातला, एक मधला, एक तळचा उचलायची आणि सावलीत ठेवून निवू द्यायची. "तापलेला दाना खोटं बोलतो," म्हणायची. निवल्यावर माझ्या तोंडात द्यायची, गालाला कान लावायची आणि डोळे मिटायची. मी चावायचे. एवढ्या जवळून आईनेसुद्धा मला कधी धरलं नव्हतं. बायच्या केसांना चुलीतल्या राखेचा वास यायचा.

एकदा मी चावून झाल्यावर म्हणाले, "वाजला."

तिने कान काढला. "तू नको सांगू. दाताला सांगू दे."

माणसाच्या तोंडावर तिचा विश्वास नव्हता. त्याचं कारण सुनेने सांगितलं. मोठ्या दुष्काळाच्या साली बायच्या नवऱ्याने दाणा चावला आणि "सुकला" म्हणून मोकळा झाला. उन्हाने दमला होता बिचारा. कणगी लिंपली. श्रावणात तोंड फोडलं तर आत हात घालवेना इतकी गरम, आणि दाणे काळे. मग सगळ्यांनी रानातले कडू कंद उकडून खाल्ले. "पाऊस सरला तवा घरातलं एक ताट कमी झालं व्हतं," सून म्हणाली. कुणाचं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून बायला ओल्या गोष्टींचाच राग. विहिरीवरून आलेलं माणूस खळ्याच्या काठाने जायचं. ओलं लुगडं लांबच्या कुंपणावर. लिंपायला शेण कालवलेले हात कोरडे झाल्याशिवाय दाण्याला लावायचे नाहीत. खळं पुरतं तापल्याशिवाय सकाळी वाल बाहेर यायचा नाही आणि दव पडायच्या आत गोळा झाला नाही तर त्या घरात कुणाची धडगत नसे. पावसाळ्यात तर ती कुणाशी धड बोलतच नसे. आभाळाने तिच्याशी वैर धरलं आहे अशा चेहऱ्याने ओट्यावर बसून राही.

माहेराहून पहिलं पत्र आलं ते ऐन वाळवणात. बाबांनी लिहिलं होतं, सगळं ठीक आहे. त्या ठीकवरच मला रडू फुटलं. मी खळ्याच्या कडेला बसून रडत होते तर बाय आली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवील.

"हितं नको," ती म्हणाली. "रडायचं तर गोठ्यात जा. दानं सुकताहेत."

मी गेले. गाईच्या अंगाला टेकून पोटभर रडले. बऱ्याच वेळाने बाय दाराशी आली. "आटपलं का? दुपारचा दाना चावायचा राहिलाय."

त्यानंतर रडू आलं की मी आपली आपणच गोठ्यात जाई. त्या घरच्या गाईला माझ्या माहेरची सगळी माणसं नावानिशी माहीत झाली असतील.

एका पावसाळ्यात मला हिवतापाने धरलं. हे जव्हारला दरबारच्या कामाला अडकलेले. बाय रोज जुन्या वालाचं कढण करून आणायची. त्या घरात नवा वाल कुणी खायचं नाही. आधी मागच्या सालचा संपवायचा, नवा ठेवायचा. मी तोंड फिरवलं की वाटी ओठांना लावून म्हणायची, "पी. तू मेलीस तं चावनार कोन?" मी पीत असे. आज मी हे लिहायला आहे ते त्या कढणामुळे. पण तिला तसं म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हणून पाहिलं तर म्हणाली, "वाल माझा, चूल माझी, आन्‌ तू नुसती गिळलीस. त्यात काय?"

आता त्या वर्षाचं सांगते.

आसपासच्या पाड्यांवरची माणसं आपला खाण्याचा आणि बियाण्याचा वाल बायकडे आणून टाकायची. त्यांच्या झोपड्या गळायच्या, उंदीर फार. बायच्या कणगीतल्या वालाला कधी किडा लागला नाही, असं सगळे म्हणत. म्हणजे त्या खळ्यावर जे पसरलेलं असे ते एका घराचं नसे. श्रावण-भादव्यात, नागलीचं पीक हाती येण्याआधी, कितीतरी चुलींवर जे शिजायचं ते, आणि कार्तिकात कितीतरी शेतांत जे पेरायचं तेही.

दरसाल होळीच्या आधी कणगी लिंपून व्हायची. त्या साली होळी गेली. पाडवा गेला. वाल उन्हातच.

मी रोज चावत होते. दाणा कट्‌ करून फुटत होता. इतका, की माझ्याच डोक्यात आवाज घुमायचा. बाय गालाला कान लावायची, थांबायची आणि मान हलवायची. "वला हाय." दुसरा दाणा. "वला हाय." चौथ्या-पाचव्या दाण्याला माझे जबडे ठणकू लागत. रात्री भाकरीसुद्धा मी आमटीत भिजवून गिळत असे. "बाय, अगं सुकलाय तो," असं म्हटलं की तिचं ठरलेलं, "तू नको सांगू."

पाड्यावरचा भिवा आला. म्हातारा, बारीक, तोंडाने फटकळ. खळ्याच्या काठावर उकिडवा बसला.

"बाय, औंदा वाल सुकवायचाय का भाजायचाय?"

"वला हाय."

भिवाने एक दाणा उचलून दाढेखाली धरला आणि फोडला. "ह्यो वला? आता कुऱ्हाड आनू का?"

"तुझ्या दाताला कोन इचारतं?"

"मंग आमचं बी आमाला दे. आमी बघू आमचं."

"ठेवशील कुठं? तुझ्या घरात तुझ्या आधी उंदीर जेवतात."

"उंदरानं खाल्लं तं कुनाच्या तरी पोटात गेलं. वळवानं खाल्लं तं?" त्याने मान वर केली. पश्चिमेला डोंगरामागे ढग चढायला लागले होते. पांढरेच होते अजून. "फुडल्या बाजारापातूर वाट बघतो. मंग आमी समदे येऊन नेतो."

तो गेल्यावर बाय कितीतरी वेळ नुसती दाणे वरखाली करत राहिली. पाड्यांनी बी परत नेलं तर तिच्याकडे काय उरलं असतं? पुन्हा कुणी तिच्या कणगीवर विसंबलं नसतं. आणि वळीव आधी आला असता तर न्यायलाच काही उरलं नसतं.

संध्याकाळी सुनेला ती सांगत होती, मला ऐकू जाईल अशा आवाजात. हल्ली ती फार मोठ्याने बोलायची. "हिचं दात मऊ पडलं. पोटुशी बाईचं पडतातच. नाक्यावरच्यांना सांग, पावसाआधी दुसरी जागा बघा. दुसरी कोनी दातवाली बघाया पायजे."

मला दिवस गेले होते हे खरं. पावसाच्या तोंडावर, अशा अवस्थेत, या गावात दुसरी खोली कोण देणार? हे दोन दिवसांसाठी आले होते, त्यांना सांगितलं. ते पागोटं झटकत म्हणाले, "म्हातारीला बरं वाटेल असं चाव की." आणि पुन्हा जव्हारला गेले. पुरुषांना किती सोपं असतं!

बोहाड्याचे दिवस आले. देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचवतात तो तिकडचा मोठा उत्सव. अख्खं खोडाळं लोटतं. पण वाल बाहेर असताना बायच्या घरचं कुणी जायचं नाही असा दंडक. दिवेलागणीला आम्ही दोघी वाल गोळा करत होतो. गावात सांबळ वाजायला लागला. असा की सारवलेल्या जमिनीतून पायांना कळावा. आमचं वासरू बिचकून दाव्याला हिसके देत होतं.

बायने सुपातला खडा वेचला आणि म्हणाली, "औंदा बोहाडा नाय का? अजून वाजत कसा नाय?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खडे वेचतच होती.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मोठ्याने बोलणं, सुनेने हाक मारली की न वळणं, आणि रोजचं "वला हाय". सगळं एकदम समोर आलं. वाल वाजत होता. तिलाच ऐकू येत नव्हतं. आणि तिला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ठाऊक असलं तर ती कुणाला सांगणार? दात गेलेली म्हातारी कानानेही गेली म्हटल्यावर कणगी तिच्या हातात कोण राहू देणार? तिला ओट्यावर बसवून नातवंडं सांभाळायला देतील. आणि मी सांगणार कुणाला? मी त्या घरात उपरी, तिच्याच मेहरबानीने राहिलेली. सांगावं तर तिचा मान जातो, न सांगावं तर वाल जातो. त्या रात्री मला गोठ्यात जाऊन रडायचंही सुचलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी ढग काळे झाले. वारा पडला. सून आतून-बाहेर करत होती, पण सासूपुढे बोलायची तिची छाती नव्हती. बायने दाणा माझ्या तोंडात दिला आणि कान लावला. मी चावला. "वला." दुसरा दिला. "वला." तिसरा माझ्या दाढेखाली होता तेवढ्यात तिला रागच आला. "बघू दे तुझं दात!" म्हणत तिने दोन्ही हातांनी माझा जबडा धरला, अंगठे कानशिलांपाशी दाबले. मी दचकून दात आवळले.

कट्‌.

बायचे हात थांबले.

ती माझ्या तोंडाकडे नाही, आपल्या बोटांकडे पाहत होती. मग एक हात न काढता खाली वाकून तिने दुसरा दाणा उचलला. "परत."

कट्‌.

"परत."

कोपऱ्यातला, मधला, तळचा. प्रत्येक वेळी तिच्या बोटांखाली माझं हाड वाजत होतं. मग तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला मान खाली घालता येईना, जबडा तिच्या हातात होता.

"कुनाला बोललीस?" हे मात्र तिने इतक्या हळू विचारलं की मलाच जेमतेम ऐकू आलं.

मी मान हलवली. नाही.

"बरं," ती म्हणाली. आणि घराकडे तोंड करून ओरडली, "राख चाळ गो! सुकला वाल!"

मग जे काही आम्ही धावलो! उन्हातला दाणा तापलेला असताना कणगीत घालायचा नाही, नाहीतर आतल्या आत घाम धरतो. म्हणून सगळा वाल आत नेऊन घोंगड्यांवर पसरला. माझं पोट, तिची पाठ, सुनेचे गुडघे, कुणीच त्याचा विचार केला नाही. शेवटची पाटी उंबऱ्यात होती तेव्हा टपोरे थेंब खळ्यावर पडायला लागले. बाय दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. रागाने नाही. नुसती दमली होती. सकाळपर्यंत वाल निवला. चाळलेली राख आणि निर्गुडीचा वाळलेला पाला घालून कणगी भरली, शेणमातीने तोंड लिंपलं. भिवा आणि पाड्यावरचे आले तेव्हा लिंपण ओलं होतं.

"आता फोडू का परत?" बायने विचारलं.

"राहू दे," भिवा म्हणाला.

त्या वालाची एक गंमत झाली. तो वाजवीपेक्षा फार दिवस उन्हात राहिला होता. श्रावणात कणगी फोडली तर किड्याचं नाव नाही, पण दिवसभर शिजवला तरी कितीतरी दाणे तसेच टणक. भिवा वाटी घेऊन भांडायलाच आला. "बाय, ह्यो वाल हाय का गारगोटी?"

"गारगोटीला किडा लागत नाय," बाय म्हणाली. पण आपल्या ताटातले न शिजलेले दाणे तिने टाकले नाहीत. पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून प्यायली. कार्तिकात बी पेरलं ते उशिरा आणि विरळ उगवलं. पण उगवलं.

पुढल्या वाळवणापासून रीत बदलली. बाय माझ्यासमोर पाटावर बसायची आणि जबड्याला दोन्ही हात लावायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वाकून कान लावाया व्हत नाय. कंबर धरते." मी म्हणायचे, "हो, कंबर फार धरते तिची." सून चुलीपुढून म्हणायची, "कंबरच ती. बघू कधी बरी व्हते." आणि माझ्याकडे न पाहता भाकरी उलटायची. तिलाही माहीत होतं असं मला आता वाटतं. दुसऱ्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. माझी थोरली मुलगी त्याच खोलीत झाली. बायने सगळ्यांत आधी तिच्या हिरड्या पाहिल्या.

यांची बदली जव्हारला झाली ती फाल्गुनातच. जव्हार म्हणजे राजाचं गाव, बाजारपेठ, शाळा. मुलीला शिकवता येईल म्हणून मी आनंदात असायला हवी होते. बैलगाडी दारात लागली. सुनेने गाडीच्या कोपऱ्यात राखेतल्या वालाचं गाठोडं ठेवलं. हे घाई करत होते.

वाल खळ्यावर पसरला होता. मला रडू आवरेना, म्हणून सवयीने मी गोठ्याकडे वळले. बायने दंड धरून मला थांबवलं. खळ्याच्या कडेला पाट होता, त्यावर बसवलं. समोर बसली आणि रोजच्यासारखे दोन्ही हात माझ्या जबड्याला लावले. तोंडात वाल नव्हता. माझे ओठ थरथरत होते, आणि तिच्या बोटांना ते कळत असणार. मी दात गच्च आवळून धरले. एक थेंब जरी खाली पडला तरी ती ओरडेल, अशी भीती मला त्या वेळीसुद्धा वाटत होती.

बायने हात काढले नाहीत.

"हितंच रड," ती म्हणाली. "ऊन हाय अजून."